डाळ न शिजणाऱ्या पाण्यात मलावीचे मासे

प्रश्न : निपाणीजवळच्या खेड्यात आमचं घर आहे. उसाच्या रानातल्या बोअरचं पाणी घरात येतं. ते इतकं सवळ आहे की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तपासणीच्या अहवालात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६४०, एकूण काठिण्य ३८०, अल्कलिनिटी ३२० आणि पीएच ७.२ आहे. सहा बाय दोन बाय दोन फुटांची, १२ मिमी काचेची वापरलेली टाकी स्वस्तात मिळाली. आधी लहान टाकीत एंजल आणि निऑन ठेवले होते, ते टिकले नाहीत. दुकानदार म्हणतो, या पाण्यात आफ्रिकन सिक्लिडच घ्या, ‘मिक्स’ तीस नग देतो, सोबत सिक्लिड सॉल्टचे डबे न्या. थोरल्या भावाला फ्लॉवरहॉर्न हवाय, मुलांना नुसते रंग हवेत. आरओ बसवावं का? कोणते मासे घ्यावेत आणि किती? टाकी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवली तर चालेल का? आमच्याकडे लाईट रोज दोन-तीन तास जाते.

उत्तर : दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. आफ्रिकन सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या सरोवरांतले रंगीत मासे, घ्या. मिक्स घेऊ नका, आणि सॉल्टचे डबे तर मुळीच नकोत.

आधी पाणी. काठिण्याचा ३८० हा आकडा १७.९ ने भागला की २१ येतात, म्हणजे मत्स्यपालनाच्या भाषेत जीएच २१. अल्कलिनिटी तशीच भागली की केएच सुमारे १८. आता यांतले आपण घेणार ते मासे ज्या मलावी सरोवराचे, त्याचं स्वतःचं पाणी बघा : जीएच ४ ते ६, केएच ६ ते ८, पीएच ७.७ ते ८.६. ‘आफ्रिकन माशांना दगडासारखं जड पाणी लागतं’ हे ऐकीव आहे. त्यांना लागतं ते स्थिर, अल्कधर्मी आणि प्राणवायूनं भरलेलं पाणी. तुमचं पाणी त्यांच्या घरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड आहे. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले मलावी मासे हे सहज सोसतात, पण त्यात आणखी क्षार ओतायचं काहीच कारण नाही. सॉल्ट आहे ते मऊ पाणीवाल्यांसाठी, उदाहरणार्थ ज्यांच्या नळाला राकसकोपचं धरणाचं पाणी येतं त्या बेळगावकरांसाठी.

टीडीएसच्या आकड्यावरून काठिण्य ठरवू नका. टीडीएसमध्ये मीठसुद्धा मोजलं जातं, आणि साध्या मिठानं जडावलेलं पाणी मलावी माशांच्या काही कामाचं नाही. तुमच्या अहवालात काठिण्य आणि अल्कलिनिटी दोन्ही भरपूर आहेत, म्हणून आम्ही निर्धास्त सांगतो. घरात कुणी ‘वॉटर सॉफ्टनर’ बसवलं असेल तर टाकीचं पाणी त्याच्या आधीच्या नळावरून घ्या. ते यंत्र कॅल्शियम काढून सोडियम घालतं. टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो, पाणी मात्र माशांच्या दृष्टीनं पार बदललेलं असतं.

पीएच ७.२ पाहून घाबरू नका. खोल बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच खाली दिसतो. बादलीभर पाण्यात रात्रभर एअर स्टोन चालवा आणि सकाळी मोजा. तुमची अल्कलिनिटी पाहता पीएच ८ च्या वर गेलेला दिसेल. यातूनच एक नियम निघतो : बोअर चालू करून पाइप थेट टाकीत सोडायचा नाही. त्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, त्यामुळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. दोनशे लिटरचा ड्रम ठेवा, त्यात रात्रभर हवा सोडा आणि मगच पाणी टाकीत घ्या.

एक रकाना तुमच्या अहवालात नाही : नायट्रेट. उसाला युरिया पडतो, त्याचं नायट्रेट होऊन ते झिरपून बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्याला लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. तुमचं पाणी मुळातच त्याच्या जवळ असेल तर कितीही पाणी बदला, टाकीतलं नायट्रेट त्याखाली येणार नाही, आणि मासे निस्तेज का, म्हणून तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. मासे आणायच्या आधी हे तपासून घ्या. आकडा ४० च्या वर आला तर पाणी बदलताना निम्मं पाणी पागोळ्यांचं साठवलेलं वापरा. तुमच्या पाण्यात ते निम्मं मिसळूनही जीएच १० आणि केएच ९ उरतं, म्हणजे मलावीला अगदी मानवणारं.

आरओचं एकच काम आहे, पण ते महत्त्वाचं. उन्हाळ्यात सहा फुटी टाकीतून रोज काही लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी भरत गेलात तर महिन्या-दोन महिन्यांत टीडीएस हजाराच्या पुढे जातो. म्हणून उडालेली तूट भरायला आरओचं किंवा पावसाचं पाणी, आणि आठवड्याचं पाणी बदलायला बोअरचं. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका, ते बोअरपेक्षाही जड असतं.

आता मूळ प्रश्न, रंग. सिक्लिडच्या दुकानात माणूस फसतो तो इथेच.

मलावीचे जे मासे टाक्यांत दिसतात त्यांचे ढोबळमानानं दोन गट. दगडांत राहून त्यांच्यावरचं शेवाळ खरवडणारे म्बुना, आणि मोकळ्यात फिरणारे पीकॉक व हॅप. पीकॉक देखणे, यात वाद नाही. पण त्यांच्यात रंग फक्त नराला. मादी आणि पिल्लं मातकट करडी. नरालाही रंग भरतो तो साधारण तीन इंचांच्या पुढे, आणि त्यातही टाकीत ज्याची चलती त्यालाच तो पुरता भरतो. दबलेला नर मादीसारखाच फिका राहतो. म्हणून पीकॉकची खरी टाकी म्हणजे फक्त नरांची, प्रत्येक जातीचा एकेक, रंग भरल्यावर निवडून घेतलेला, तोही एकमेकांशी न मिळणाऱ्या रंगांचा. ती उभी करायला ओळखीचा पैदासकार लागतो आणि खिसाही मोठा लागतो. दुकानात दीड-दोन इंचांचे लखलखीत निळे-लाल पीकॉक दिसले तर ते संप्रेरक खाऊ घालून रंगवलेले समजा. घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि मग त्यातल्या निम्म्या माद्या निघतात.

म्हणून तुम्हाला आमचा सल्ला म्बुनाचा. त्यातही ज्या जातींत नर-मादी दोघांनाही रंग असतो आणि स्वभाव त्यातल्या त्यात नरम असतो, त्याच घ्या. नर कोण, मादी कोण हे न ओळखता दहा पिल्लं उचलली तरी दहाच्या दहा रंगीत निघतात. अशा तीन जाती :

इलेक्ट्रिक यलो, म्हणजे यलो लॅब. हळदीसारखा पिवळा, पाठीच्या पराला काळी किनार. बोटाच्या पेराएवढं पिल्लूसुद्धा पिवळंच. चार इंचांपर्यंत वाढतो. म्बुनांमधला सर्वांत सोशिक हाच. दहा घ्या.

यलो-टेल एसाय. जांभळट निळं अंग, पिवळी शेपटी. इतर म्बुना दगडांत घुटमळतात, हा मात्र मधल्या आणि वरच्या पाण्यात थव्यानं फिरतो, त्यामुळे टाकीचा वरचा भाग ओस पडत नाही. सहा इंचांपर्यंत जातो, तुमच्या सहा फुटांत त्याला मोकळं वाटेल. आठ ते दहा.

रस्टी. गंजाच्या रंगाचा, त्यावर जांभळी झाक. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली हा नजरेत भरत नाही, म्हणून लोक सोडून देतात. पण पिवळ्या आणि निळ्याच्या मधोमध तो आला की टाकी भडक न वाटता भरलेली वाटते. आठ. आपल्या भागात तो नेहमी मिळत नाही. कोल्हापूर-बेळगावात न सापडल्यास सौलोसी घ्या. त्याच्या माद्या पिवळ्याजर्द आणि चलतीचे नर निळे, वर काळे पट्टे. एकाच जातीत दोन रंग! मात्र सौलोसी घेतलात तर यलो लॅब गाळा. दोन पिवळे शेजारी ठेवून काही साधत नाही. मग बारा सौलोसी आणि दहा एसाय.

‘मिक्स’ नको म्हणतो, कारण त्या हौदात हमखास दोन नावं असतात : केन्यी आणि ऑराटस. दोन्ही पिल्लू असताना फार सुंदर. केन्यी फिकट निळा, ऑराटस पिवळा, वर काळे पट्टे. मोठे झाले की केन्यीचा नर पिवळा आणि ऑराटसचा नर काळपट होतो, आणि सहा फुटी टाकीतला एक नर उरलेल्या सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंबतो. पिल्लांच्या घोळक्यात हे ओळखता येत नाही. रेड झेब्राही यलो लॅबबरोबर नको. त्यांचा संकर फार सहज होतो, आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे ना धड पिवळे ना धड नारिंगी अशी फौज उरते. फ्रंटोसा आणि ट्रॉफियस टांगानिका सरोवराचे. पाणी त्यांना चालेल, पण फ्रंटोसा फुटाभराचा होतो आणि ट्रॉफियस पहिल्या टाकीत ठेवायचा मासा नव्हे.

भावाचा फ्लॉवरहॉर्न : तो कुठल्याही नदीतला मासा नाही, १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला आहे. पाणी त्यालाही हेच मानवेल. पण तो एकटाच राहतो. या टाकीत सोडलात तर महिन्याभरात टाकी त्याची एकट्याची होईल. त्याच्यासाठी चार बाय दीड बाय दीडची वेगळी टाकी, आणि तिची निगा भावाकडेच.

तीस मासे जास्त वाटतील. म्बुनांचा हिशोब उलटा असतो. सहा-सात ठेवलेत तर दांडगा नर एकाच दुबळ्याला धरून मारतो. अठ्ठावीस असले की त्याला कुणाच्या मागे लागायचं ते ठरवता येत नाही आणि मार वाटला जातो. मात्र या गर्दीची घाण फिल्टरनं झेलली पाहिजे. दीड इंचांची पिल्लं घ्या, एका जातीची सगळी एकदम, आणि तिन्ही जाती दोन-तीन आठवड्यांच्या आत. आधी आलेले मोठे होऊन दगड बळकावून बसले की मागून येणाऱ्यांची खैर नसते. सात-आठ महिन्यांनी नर कळू लागले की एका नरामागे तीन माद्या उरतील इतके नर काढून दुकानात परत द्या.

टाकी कुठे ठेवायची? वरच्या मजल्यावर नको. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ५२० लिटरच्या आसपास. त्यात काच सव्वाशे किलो, दगड ऐंशी, वाळू पासष्ट-सत्तर आणि लोखंडी स्टँड, असं साडेआठशे किलो होतं. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो धरून काढलेला असतो आणि तुमची टाकी बसते सव्वा चौरस मीटरलाही कमी जागेत. तळमजल्यावर, भिंतीलगत ठेवा. वरच हवी असेल तर घराचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला बीम कुठून गेलेत ते विचारा आणि मगच ठरवा. स्टँडवर प्लायवूड, त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल. टाकी वापरलेली आहे, म्हणून अंगणात सपाट जागी काठोकाठ भरून तीन दिवस ठेवा. गळती घरात कळण्यापेक्षा बाहेर कळलेली बरी.

दगड आपल्याकडे फुकट आहेत. ओढ्यातले गोलसर काळे दगड उत्तम. गोकाककडचा तांबूस वालुकाश्मही चालतो. जांभा नको, तो झिजतो, पाणी तांबडं करतो. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडक, लिंबू पिळलं तर फेस येतो. मऊ पाण्यात त्यांचा उपयोग होतो, तुमच्या पाण्यात फायदा नाही आणि नुकसानही नाही. कडा तेवढ्या घासून घ्या. रचताना मोठे दगड थेट तळकाचेवर पातळ थर्माकोल घालून बसवा आणि वाळू नंतर ओता. म्बुना वाळू उकरतात. वाळूवर उभा केलेला दगड आज ना उद्या काचेवर कोसळतो. दगडांत आरपार बोळ ठेवा, दबलेल्या माशाला एका बाजूनं घुसून दुसरीकडून निसटता आलं पाहिजे. वाळू जलतरण तलावाच्या फिल्टरला वापरतात ती, दीड इंच थराला पासष्ट-सत्तर किलो. निळे-गुलाबी खडे आणि शुभ्र वाळू टाळा, त्यावर मासे फिके पडतात. मागची काच काळी रंगवा.

फिल्टर निवडताना तुमची लाईट हाच मुख्य मुद्दा. बंद डब्याचा कॅनिस्टर दोन-तीन तास थांबला की आतल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, घाण पचवणारे जिवाणू मरायला लागतात, आणि लाईट आल्यावर तो सगळा कुजका माल टाकीत येतो. त्यापेक्षा टाकीच्या डोक्यावर बसणारा उघडा टॉप फिल्टर घ्या, तीन खणांचा, ताशी साडेतीन ते चार हजार लिटरच्या पंपावर. पहिल्या खणात पॉलिएस्टर फायबर, दुसऱ्यात स्पंज, तिसऱ्यात आठ-दहा किलो सिरॅमिक रिंग. लाईट गेली की पाणी खाली उतरतं, रिंग ओल्या आणि हवेत राहतात, जिवाणू तगतात. जोडीला दोन मोठे स्पंज फिल्टर. त्यांचा एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. गर्दीच्या टाकीत लाईट गेल्यावर मासे दगावतात ते घाणीनं नव्हे, प्राणवायू संपून. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की ते आणखी लवकर. एप्रिल-मेमध्ये झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. थंडीसाठी ३०० वॉटचे दोन हीटर, दोन टोकांना, २५ अंशांवर. ६०० वॉटचा एकच का नको? तो चालू स्थितीत अडकला तर टाकी उकळून निघते. दोनांतला एक अडकला तर तुम्हाला कळायला वेळ मिळतो. तुमच्या पाण्यात हीटरवर पांढरं कवच चढेल. महिन्यातून एकदा प्लग काढून, थंड झाल्यावर, व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा.

मासे आणायच्या आधी टाकी ‘पिकवावी’ लागते, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्यावे लागतात. इथे जड पाण्याची दुसरी बाजू समोर येते. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात तो अमोनिया पीएच ७ ला बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. हवा दिल्यावर तुमचा पीएच ८.२ धरला तर, २८ अंशांवर, त्यातला दहावा हिस्सा विषारी रूपात असतो. तितक्याच अमोनियाचा विखार जवळजवळ चौदापट. म्हणून चार मासे सोडून टाकी पिकवायची जुनी पद्धत इथे करू नका. फिल्टर चालू करा. बिनवासाचा, हलवल्यावर फेस न होणारा अमोनिया घाला. दहा टक्क्यांचा असेल तर तुमच्या टाकीला दहा-अकरा मिली म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम. टेस्ट किटनं रोज पाहा. अमोनिया उतरेल, त्यापासून बनणारं नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. घातलेला अमोनिया चोवीस तासांत पूर्ण जिरला आणि नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर निम्म्या वेळात होतं. पूर्ण झालं की निम्मं पाणी बदला आणि मग मासे.

रात्रभर प्रवास करून आलेली पिशवी उघडली की हाच अमोनिया घात करतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी असतो. तोंड सोडलं की वायू निघून जातो, पीएच चढतो, अमोनिया विषारी होतो. लांबून आलेल्या पिशवीला तासभर थेंब-थेंब पाणी देत बसू नका. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, उघडा, मासे जाळीनं उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. बेळगाव-कोल्हापूरहून दोन तासांत आणलेल्या माशांना मात्र सावकाश पाणी मिसळत तासभर दिला तर बरं, कारण दुकानाचं पाणी मऊ असू शकतं.

खाणं हा शेवटचा सापळा. म्बुना शेवाळ खाणारे, त्यांचं आतडं लांब असतं. ट्युबिफेक्सचे किडे, मांस, चरबीचे दाणे घातले की ‘मलावी ब्लोट’ होतो : मासा दाणा तोंडात घेऊन थुंकतो, पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लटकते, मग पोट फुगतं. थुंकायला लागला त्याच दिवशी वेगळ्या टाकीत काढा, दर चाळीस लिटरला २५० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल, दोन दिवसांआड चौथाई पाणी बदलून पुन्हा, अशा तीन-चार मात्रा. पोट फुगल्यावर फारसं हाती राहत नाही. रोज स्पिरुलिनाचे, म्हणजे शेवाळाचे, बुडणारे दाणे, मिनिटभरात संपतील इतकेच, दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. सोललेला उकडलेला मटार चिरडून दिलात तर त्यावर तुटून पडतात. मुलांना दाणे टाकायला आवडतं, तेव्हा दिवसाचे दाणे सकाळीच एका वाटीत काढून ठेवा, वाटी संपली की संपलं.

दर आठवड्याला ३५ टक्के, म्हणजे १८० लिटर पाणी बदला. तुमचा दोनशेचा ड्रम तेवढ्यासाठीच.

एखादी यलो लॅब खायची बंद झाली आणि तिचा गळा फुगलेला दिसला तर लगेच औषध काढू नका. पोट फुगलं की रोग, गळा फुगला की अंडी. मादी अंडी तोंडात धरून साधारण तीन-चार आठवडे उपाशी राहते आणि मग दहा-वीस पिवळी पिल्लं सोडते. दगडांच्या फटीत त्यातली दोन-चार वाचतातच. जास्त झाली तर वाटा, पण वेदगंगेत किंवा दूधगंगेत सोडू नका. आपल्या धरणांत चिलापी भरलाय ना, तोही सिक्लिडच, आणि तोही बाहेरूनच आलेला.